ड्यूकचा झगा आणि नऊ मीटर धूळ

सभेत एर्मेस कावाझुती फक्त एवढंच बोलला होता, की नायलॉनच्या मखमलीतला ड्यूक मिरवण्यापेक्षा ड्यूक नसलेला परवडला. बोलून झाल्यावर ते वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते आणखी एकदा, जरा मोठ्याने म्हटलं. पहिल्यांदा म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्यांदा म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. माणसाने एखादं वाक्य किती वेळा म्हणावं याला काही मर्यादा हवी, हे त्याला पुढचे सात आठवडे रोज पटत गेलं.

सभा पाणचक्की पेठेची होती. कास्तेल लाझारो गावात पेठा चार, आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चारही पेठा पाचशे वर्षांपूर्वीच्या दरबारी थाटात मिरवणूक काढतात. मिरवणूक चौकात पोचली की गाढवांची शर्यत. प्रत्येक पेठेचा एक ड्यूक. ड्यूक नाही तर मिरवणूक नाही, आणि मिरवणूक नाही तर त्या पेठेचं गाढव शर्यतीत नाही. पाणचक्की पेठेचा ड्यूक गेली चौदा वर्षं लोरिस नावाचा औषधवाला होत असे. त्याने हिवाळ्यात कालव्यापलीकडे घर घेतलं. कालव्यापलीकडे म्हणजे हंस पेठेत. माणूस गेला याचं दुःख पेठेने कसंबसं गिळलं असतं, पण तो जाताना कपडेही घेऊन गेला. कपडे त्याचेच होते, त्याच्याच आईने शिवलेले, त्यामुळे त्याला चोरही म्हणता येईना, आणि हेच सगळ्यांना जास्त लागलं.

त्याच कपड्यांना एर्मेस नायलॉन म्हणाला होता. पेठेच्या अध्यक्षा दिर्चे मालागोली, ज्यांचं नळाच्या सामानाचं दुकान होतं आणि ज्यांचा आवाज त्या दुकानापासून चर्चपर्यंत बिनतक्रार पोचायचा, त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मग खऱ्या मखमलीतला कोण होतोय?"

सभागृहात चाळीस माणसं होती. एकोणचाळीस जणांना एकदम आपल्या बुटांचे बंद बघावेसे वाटले.

एर्मेस भूमापन कचेरीत नकाशांच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसत होता. अर्जातला एक रकाना रिकामा राहिला म्हणून त्याने कितीतरी माणसं परत पाठवली होती. ती माणसं गावात भेटली की त्याला नमस्कार करायची, पण फार मनापासून नाही. मिरवणुकीत तो दर वर्षी तिसरा मशालवाला असे. तिसऱ्या मशालवाल्याकडे कुणी बघत नाही. पहिल्याकडे बघतात, आणि दुसऱ्याची मशाल विझते म्हणून त्याच्याकडेही बघतात. तेव्हा एकोणचाळीस माणसं बुटांवरून नजर उचलून आपल्याकडे बघताहेत हे पाहून एर्मेस उभा राहिला. उभा राहिल्यावर बसायचं कसं हे त्याला सुचेना. दिर्चेबाईंनी वहीत त्याचं नाव लिहून टाकलं.

घरी जाताना तो रस्त्याच्या मधोमध चालत होता. बायकोने, इरिदेने, त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती दातांच्या डॉक्टरकडे खिडकीवर बसायची, त्यामुळे कुणाचंही विव्हळणं शांतपणे ऐकायची तिला सवय होती. मग ती म्हणाली, "मी लग्न एर्मेसशी केलंय, ड्यूकशी नाही. सुईला मी हात लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"हात लावायला सांगतोय कोण?" एर्मेस म्हणाला. त्या क्षणी त्याला खरोखरच वाटत होतं की ड्यूकचे कपडे म्हणजे सदऱ्याला बटण लावण्याचंच जरा मोठं काम असावं.

पहिली अडचण निघाली ती अस्सलता समितीची. या समितीचे अध्यक्ष प्रोफेसर तेबाल्दी. वय त्र्याऐंशी. त्यांनी एर्मेसला शाळेत लॅटिन शिकवलं होतं आणि दोनदा नापास केलं होतं. त्यांची नियमावली बावीस पानांची होती. चेन नको, चिकटपट्टी नको, दिसेल तिथे मशीनची शिलाई नको, आणि प्रत्येक कपड्यामागे पुरावा हवा: हा कपडा त्या काळी या गावात असाच होता, हे कुठल्या चित्रावरून किंवा कागदावरून ठरवलं? एर्मेसने नियमावली एका बैठकीत वाचली आणि त्याला उलट उत्साह चढला. अर्ज, रकाने, जोडपत्रं: हा तर त्याच्या घरचाच कारभार. आयुष्यात पहिल्यांदा तो खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहत होता, पण हे त्याच्या लक्षात यायला आणखी चार दिवस गेले.

पुरावा म्हणून गावात एकच चित्र होतं. चर्चच्या डाव्या भिंतीवर एक ड्यूक देवमातेपुढे गुडघे टेकून बसला आहे. किरमिजी झगा, झग्याला पाठीवर खोल चुण्या, बाह्या कोपराला चिरलेल्या आणि त्यातून आतला पांढरा सदरा फुगून आलेला. चित्रकाराने मखमलीची चमकसुद्धा अशी काढली होती की हात लावावासा वाटे. फक्त ड्यूक आपल्याकडे पाठ करून बसला होता. त्याची पुढची बाजू एकट्या देवमातेने पाहिली होती, आणि ती काही साक्षीला येणार नव्हती.

प्रोफेसरांनी अर्ज वाचून परत दिला. ते म्हणाले, "कावाझुती, पाठ सिद्ध झाली. पोटाचं काय?"

पोटाचा पुरावा शोधण्यात एर्मेसने दोन शनिवार घालवले. शेवटी शेजारच्या गावात एका थडग्यावरच्या दगडी सरदाराचं पोट मिळालं. नाक गेलेलं, पण बंडीची बटणं शाबूत. त्यावरून एर्मेसने अकरा पानी टिपण तयार केलं आणि सोबत बंडीचा व झग्याचा आराखडा जोडला: एकास दहा प्रमाणात, सगळ्या बाजूंची मापं, आणि वरच्या कोपऱ्यात सवयीने काढलेला उत्तर दिशेचा बाण. प्रोफेसरांनी आराखडा उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला आणि विचारलं, ड्यूकला उत्तर कुठे असते. एर्मेस म्हणाला, कॉलरकडे. प्रोफेसरांनी कॉलर वर येईल असा आराखडा फिरवला. मग त्यांनी शिक्का मारला. लॅटिनमध्ये न मिळालेले गुण भूमितीत मिळाल्यासारखा एर्मेस तिथून बाहेर पडला आणि पायऱ्या दोन-दोन करत उतरला.

आता कापड. खऱ्या रेशमी मखमलीच्या दुकानात त्याने फक्त भाव विचारला आणि दुकानदाराने त्याला बसायला खुर्ची दिली. त्यानंतर त्या दुकानाचं नाव घरात निघालं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या वास्कोने सल्ला दिला. वास्को रेल्वेत गार्ड होता, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तो जिन्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देत असे. कापूर कुठे ठेवावा, मुलीचं लग्न कुठे करावं, गुडघ्याला काय लावावं, कशातही तो मागे हटत नसे. त्याचे सल्ले शंभरात नव्याण्णव वेळा वाया जात, पण शंभरावा कुठला हे आधी कळत नसल्याने सगळे ऐकून घेत. तो म्हणाला, नगरपालिकेच्या बंद पडलेल्या नाट्यगृहात जुना पडदा पडून आहे. किरमिजी मखमल, सुती असली तरी अस्सल, आजोबांच्या काळची.

पडदा होता. तळघरात गुंडाळी करून ठेवलेला, वर सत्तर वर्षांची धूळ. नगरपालिकेतल्या मालमत्ता विभागाच्या कारकुनाने नोंदवही उघडली, बोट फिरवत शेवटपर्यंत गेला आणि म्हणाला, असा पडदा नाही. एर्मेस म्हणाला, मी आत्ता बघून आलो. कारकून म्हणाला, असेल, पण नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते निकालात काढता येत नाही. एर्मेस म्हणाला, जे नाहीच ते मी नेलं तर तुमचं काय गेलं? कारकून म्हणाला, नसलेली वस्तू नेली तर ती कुणाची नेली हे ठरेपर्यंत चोरी समजली जाईल. एर्मेसला या उत्तराचा राग येण्याआधी कौतुक वाटलं. सव्वीस वर्षांत त्याने स्वतः इतकं गोळीबंद उत्तर कुणाला दिलं नव्हतं. पण बाहेर आल्यावर राग आला, आणि घरी जाऊन त्याने तो इरिदेपुढे ओतला.

इरिदेने फक्त कारकुनाचं नाव विचारलं. मग तिने डॉक्टरांच्या वेळांची वही काढली. त्या गृहस्थाची खालची दाढ गेले दहा दिवस ठणकत होती आणि डॉक्टरांकडची पहिली वेळ पंधरा दिवसांनी होती. इरिदे सुईला हात लावणार नव्हती, पण वहीला लावायला काही हरकत नव्हती. गुरुवारी सकाळी त्याची दाढ निघाली आणि गुरुवारी दुपारी नगरपालिकेचं पत्र आलं: नाट्यगृहाच्या तळघराच्या सफाईत निघालेली धूळ, नऊ मीटर, आधाराच्या कापडासह, पाणचक्की पेठेस नेण्यास परवानगी आहे.

नऊ मीटर धूळ चौघांनी मिळून तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि गॅलरीत झटकली. त्या दिवशी खाली वाळत घातलेले सगळ्या इमारतीचे कपडे गुलाबी करडे झाले. कुणी फारशी तक्रार केली नाही, कारण तोवर सगळ्या इमारतीला कळलं होतं की आपल्याच जिन्यातून ड्यूक निघणार आहे.

शिवणार कोण, हा प्रश्न पाचव्या मजल्यावरच्या आर्जा बेलेंतानींनी सोडवला. आर्जाबाई एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांनी अडतीस वर्षं कारखान्यात पोहण्याचे कपडे शिवले होते; दिवसाला नव्वद, सगळे सारखे, आणि समुद्रावर त्या आयुष्यात दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा पावसात. त्या खाली आल्या, पडद्याचा कोपरा दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हा माल मला तीस वर्षांपूर्वी मिळायला हवा होता." मग त्यांनी एर्मेसला सदरा काढायला सांगितला आणि जेवणाच्या टेबलावर चढवलं.

मापं घेताना त्या आकडे मोठ्याने म्हणत आणि वास्को ते लिहून घेई. पोट एकशे चार हा आकडा त्यांनी दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा एर्मेसने श्वास रोखला होता. मापांचा कागद वास्कोकडून जिन्यात पडला आणि कुणीतरी तो भल्या मनाने लिफ्टमधल्या सूचनाफलकावर लावला. दुसऱ्या दिवशी कचेरीला निघताना दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बायकांनी एर्मेसला नमस्कार केला आणि त्याच्या पोटाकडे पाहून एकमेकींना मान हलवली, म्हणजे आकडा बरोबर आहे. स्वाभिमानी माणसाने अशा वेळी काय करावं? एर्मेस सात दिवस जिन्याने चढला. आठव्या दिवशी आर्जाबाईंनी पुन्हा मापं घेतली. आकडा तोच होता, म्हणून तो परत लिफ्टने जाऊ लागला.

एकदा कापडाला कात्री लागल्यावर मात्र घरात वेगळंच वारं शिरलं. रोज संध्याकाळी साडेसहाला आर्जाबाई खाली येत, डोळ्यांवर दोन चष्मे एकावर एक चढवत, आणि हातशिलाई सुरू होई. एर्मेस कचेरीतून आला की टाय न सोडता बसे. धावदोरा त्याला दोन दिवसांत जमला. काजं करायला शिकताना त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची चाळण झाली, पण अठ्ठावीस काजांपैकी शेवटची सहा आर्जाबाईंनी न उसवता ठेवली, आणि त्या रात्री त्याला झोप लागेना. तो उठून बसला आणि सहा काजांवरून बोट फिरवत राहिला. इरिदेच्या पिठात एकदा टाचणी निघाली, एकदा तोर्तेल्लीनीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या वळ्यांच्या, रश्श्यात किरमिजी दोरा. ती म्हणाली, याचा अर्थ आपण आता ड्यूकच जेवतोय.

विजारीचा प्रश्न नाजूक होता. त्या काळची विजार म्हणजे लोकरीच्या कापडाचे दोन वेगळे पाय, एक लाल आणि एक पांढरा, उरेब, म्हणजे तिरके कापलेले, त्यामुळे अंगाला चिकटतात. आणि ते पाय वर बंडीला चोवीस नाड्यांनी बांधायचे. मागच्या नाड्या स्वतःला बांधता येत नाहीत. बांधल्यावर वाकता येत नाही. आणि दोन पायांच्या मध्ये, समोर, जी मोकळी जागा राहते, तिथे त्या काळचे मोठे लोक एक भरलेली पिशवी लावत. प्रोफेसरांच्या अर्जात तिच्यासाठी स्वतंत्र रकाना होता. एर्मेसने सव्वीस वर्षं लोकांना सांगितलं होतं की एकही रकाना रिकामा ठेवू नका. तेव्हा त्याने मान खाली घालून तो भरला. आर्जाबाईंना यात संकोच वाटण्यासारखं काही दिसलं नाही. कारखान्यात त्यांनी पुरुषांच्या पोहण्याच्या चड्ड्यांना आतून अस्तर लावलं होतं, आणि त्यांचं म्हणणं होतं की माणसं या बाबतीत पाचशे वर्षांत काही सुधारलेली नाहीत. आकाराबद्दल मात्र इमारतीत मतभेद झाले. वास्को म्हणाला, पेठेची इज्जत आहे, हात आखडता घेऊ नका. इरिदे म्हणाली, हसू आवरेल एवढंच ठेवा. शेवटी आर्जाबाईंनी दोघांच्या मधलं माप घेतलं आणि विषय संपवला.

राहिली तलवार. ती नाटकमंडळीकडून आणली होती, बोथट. ती घेऊन एर्मेस पोलिसचौकीत परवानगी मागायला गेला. ठाणेदाराने विचारलं, धार आहे का. नाही. मग ते शस्त्र नाही, परवाना लागणार नाही. एर्मेस उठला. ठाणेदार म्हणाला, थांबा. शस्त्र नसेल तर ते लोखंडी हत्यार झालं, आणि हत्यार घेऊन रस्त्यात फिरायला सबळ कारण लागतं. सुताराला असतं, माळ्याला असतं. तुमचं काय? त्याने अर्ज पुढे केला. एर्मेसने कारणाच्या रकान्यापुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: मी ड्यूक आहे. ठाणेदाराने वाचलं, खाली व्यवसाय, भूमापन कचेरी, हे वाचलं, आणि एर्मेसच्या चेहऱ्याकडे पाहून सही केली.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी दोन वाजल्यापासून त्याला बांधायला सुरुवात झाली. आधी लिननचा सदरा, मग विजार, मग बंडी, मग चोवीस नाड्या. आर्जाबाई खालच्या बांधत होत्या, वास्को वरच्या, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. मग बाह्या, वेगळ्या, खांद्याला बांधायच्या. सगळ्यात शेवटी झगा, अकरा किलोंचा. तो अंगावर आला आणि खोलीतले सगळे दोन पावलं मागे सरले. एर्मेसला आरशात आधी झगाच दिसला. मग त्याने मान वर केली आणि त्याला आपला चेहरा दिसला, आणि तो त्याला अनोळखी वाटला नाही, उलट फार दिवसांनी भेटल्यासारखा वाटला. इरिदेने त्याची टोपी सरळ केली. पुन्हा वाकडी केली. आणि म्हणाली, "असू दे. वाकडीच छान दिसते."

उष्मा चौतीस अंश होता. चर्चच्या दारात प्रोफेसर तेबाल्दींनी काठीच्या टोकाने झग्याची किनार उचलून टाके मोजले, बाहीची चीर पाहिली, आणि एकही चूक न काढता बाजूला झाले. त्यांच्या भाषेत हा पूर्ण गुणांचा पेपर होता. ढोल सुरू झाले. एर्मेस निघाला. दोन्ही बाजूंना माणसं, गॅलऱ्यांत माणसं, कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं, आणि जी माणसं भूमापन कचेरीतून परत गेली होती तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. हंस पेठेचा ड्यूक लोरिस समोरच्या गल्लीतून येताना दिसला. त्याने झगा पाहिला आणि सरळ मान झुकवली. एर्मेसला त्या क्षणी ढोल आपल्या पोटातच वाजताहेत असं वाटलं. घामाने सदरा चिंब झाला होता, पाय दिसत नव्हते, श्वास अर्धाच आत जात होता, आणि त्याला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर कारंज्यापाशी वास्को उभा होता. त्याने एर्मेसचा लालबुंद चेहरा पाहिला. उन्हाने चक्कर येत असेल तर मानेवर गार पाणी ओतावं, हे त्याला रेल्वेत शिकवलं होतं. त्याने या बाबतीत कुणाला न विचारता दोन लिटरची बाटली एर्मेसच्या मानेवर रिकामी केली.

नाट्यगृहाचे पडदे कुणी कधी धूत नाही. सत्तर वर्षांत त्या मखमलीला पाण्याचा थेंब लागला नव्हता, आणि तिचा रंग पक्का आहे का हे विचारायचं बावीस पानी नियमावलीतही कुणाला सुचलं नव्हतं. आधी एर्मेसच्या कॉलरमधून एक बारीक किरमिजी धार निघाली. मग बाह्यांतून. मग विजारीच्या पांढऱ्या पायावरून ओघळ खाली आले आणि बुटात शिरले. एर्मेसला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला फक्त गार वाटत होतं, म्हणून तो हसत होता. रक्ताने न्हालेला एक ड्यूक प्रसन्नपणे हात हलवत येतोय हे पाहून एका परदेशी पाहुण्या बाईंनी किंकाळी फोडली आणि दुसरीने रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिका कारंज्यामागे उभीच होती. दोन स्वयंसेवकांनी ड्यूकला उचलून आत आडवं केलं. त्यातल्या मुलीने विचारलं, वार कुठे बसलाय. एर्मेस म्हणाला, वार नाही, मी नाही, कापड गळतंय. अशा अवस्थेत माणसं काहीही बोलतात हे तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तिने मोठी कात्री काढली आणि झग्याच्या गळ्यात घातली.

एर्मेस आजवर कुणावर ओरडला नव्हता. खिडकीवरच्या माणसाला ओरडावं लागत नाही. पण त्या कात्रीचा गार स्पर्श झाला आणि तो असा ओरडला की ढोल थांबले. "कापायचं नाही. सोडायचं. चोवीस नाड्या आहेत, एकेक सोडा, मी मरणार नाही तोवर."

दार उघडलं आणि आर्जाबाई आत चढल्या. त्या कशा चढल्या हे कुणी पाहिलं नाही. त्यांनी मुलीच्या हातून कात्री काढून घेतली, आपल्या पर्समध्ये टाकली आणि दोन चष्मे चढवले. "बाळा, श्वास सोड," त्या एर्मेसला म्हणाल्या, "पोट आत घेऊ नकोस, मला एकशे चारच माहीत आहे." आणि त्यांनी नाड्या सोडायला सुरुवात केली. पहिली, दुसरी, तिसरी. मुलगी बघत राहिली, मग तिनेही एक सोडली. झगा उतरला, बंडी उतरली, आत लिननचा सदरा, आणि सदऱ्याच्या आत एर्मेस अखंड, एक ओरखडाही नाही, फक्त मानेपासून पोटापर्यंत गुलाबी.

बाहेर दिर्चेबाईंचा आवाज आला, की पेठेचा ड्यूक पाच मिनिटांत चौकात पोचला नाही तर गाढव बाद. आर्जाबाईंनी ओल्या झग्याकडे पाहिलं. मग त्यांनी विजार सदऱ्याखालून त्याच्या कमरेलाच आपल्या हाताने बांधली, चारच नाड्यांनी, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला पाठीवर थाप मारून खाली उतरवलं.

गुलाबी सदऱ्यात, एक पाय लाल आणि दुसरा जवळजवळ लाल, एर्मेस एकटा रस्त्याच्या मधोमध आला. आधी कुणीतरी हसलं. नंतर बरेच हसले. त्याला वाटलं, आता वळावं आणि कालव्यात उडी घ्यावी. पण झगा नसल्यामुळे श्वास पूर्ण आत जात होता, आणि पाय स्वतःहून चालू लागले होते. पहिला ढोल वाजला. मग बाकीचे. हसणं थांबलं नाही, पण त्यात टाळ्या मिसळल्या, आणि थोड्या वेळाने कुठलं काय हे ओळखता येईना. लोरिसने हंस पेठेची रांग थांबवून त्याला वाट दिली. चौकात पोचला तेव्हा एर्मेस पळत होता, आणि स्वतःही हसत होता. पेठेचं गाढव शर्यतीत धावलं. ते चौथं आलं, चारांमध्ये, पण धावलं.

संध्याकाळी चौकात लांब टेबलं मांडली होती. झगा, बंडी आणि बाह्या चर्चच्या कठड्यावर वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्याखालचा दगड गुलाबी होत होता. इरिदेने एर्मेसच्या पानात तळलेले न्योक्को, म्हणजे पिठाचे फुगलेले तुकडे, वाढले आणि तो दुपारी दोननंतर पहिल्यांदा बसला. बसण्यात इतकं सुख असतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

प्रोफेसर तेबाल्दी कठड्यापाशी उभे होते. ते टाके पाहत होते. रंग गेला होता, आकार जरा आटला होता, पण एकही टाका सुटला नव्हता. मग ते समितीची वही घेऊन टेबलाशी आले. एर्मेस घास गिळून उभा राहू लागला, त्यांनी त्याला हाताने बसवलं. ते त्याच्याकडे आलेच नव्हते.

"बाई, नोंद करायची आहे," ते आर्जाबाईंना म्हणाले. "नाव?"

"आर्जा बेलेंतानी. पण मी शिंपी नाही हो. कारखान्यात होते. पोहण्याचे कपडे."

प्रोफेसरांनी लिहिलं आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं: आर्जा बेलेंतानी, दरबारी शिंपी, पाणचक्की पेठ. पुढे त्यांनी वर्ष लिहिलं आणि खाली सही केली.

आर्जाबाईंनी एक चष्मा काढला, दुसरा ठेवला, आणि वही स्वतःकडे फिरवून ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी वास्कोला सांगितलं की जरा सरक, आणि त्या टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर, जिथे ड्यूक बसतात, तिथे जाऊन बसल्या. एर्मेसने बाटली उचलली आणि त्यांचा पेला काठोकाठ भरला.